चांदणीला घाट चढवताना

तळकोकणात जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या गडहिंग्लजकडची माणसं दोन गोष्टी विचारतात. मासे खाल्ले का, आणि समुद्र पाहिला का. मी दोन्हींना हो म्हणतो. पण गेलो होतो कशाला हे सांगितलं की ऐकणारा जरा थांबतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. मी एका घोडीचं वजन करायला गेलो होतो.

आमच्याकडचे बागायतदार आबासाहेब, त्यांच्या मळ्यावरच्या खोलीत राहून मी शिकलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना वजनं आणि कप्प्या दाखवतो ते त्यांच्यामुळे. त्यांच्याच मळ्यात जन्मलेली चांदणी नावाची एक घोडी काही वर्षांपूर्वी मालवणच्या एका टांगेवाल्याने नेली होती. त्यांचं नाव कासमचाचा. या मे महिन्यात त्यांचा निरोप आला, की चांदणीचा पुढचा उजवा खूर चिरला आहे, टांगा केव्हाच बंद आहे, आणि पाऊस लागला की काय होईल ते सांगवत नाही. तिकडच्या ओलीत चिरलेला खूर सडतो. खूर सडला की घोडं बसतं, आणि बसलेलं घोडं परत उठत नाही. मळ्यावर कोरडा तबेला होता आणि जनावरांचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर. फक्त मधे घाट होता, आणि चांदणी चार पावलांवर लंगडत होती.

आबासाहेबांकडे भाजी नेणारी जुनी पिकअप होती आणि लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेला एक दोन चाकांचा ट्रेलर. त्याला उंच फळ्या मारून घोडं उभं राहील असा केला होता. मला बोलावून ते म्हणाले, "पिकअपला ती झेपते का नाही, हे तिथं जाऊन तू ठरवायचंस. तू शिकलायस. झेपत नसेल तर हात हलवत ये, मी काही म्हणणार नाही. पण घाटात तिचं काही करून बसू नका."

एवढा विश्वास माझ्यावर त्याआधी कुणी टाकला नव्हता.

फोंडाघाट आणि कसाल

ड्रायव्हर तातोबा कमी बोलणारा माणूस. पहाटे निघालो तेव्हा घाटमाथ्यावर ढग रस्त्यावरच बसले होते. दिवा लावला तरी पुढे फक्त पांढरं दिसे, आणि त्या पांढऱ्यातून एखादं झाड सावकाश पुढे येई आणि आम्हाला बघून मागे जाई. रिकामा ट्रेलर वासरासारखा उड्या मारत होता. मग एका वळणावर ढग संपले आणि खाली सगळं हिरवं-निळं, पसरलेलं, जणू कुणी झोपेत कूस बदलावी तसं. हवा एकदम जड झाली. पिकल्या काजूंचा आंबूस-गोड वास गाडीत शिरला तो शेवटपर्यंत गेला नाही.

कसालला चहा घेतला. आमच्याकडे चहावाला चहा देतो आणि गप्प बसतो. इथे चहावाल्याने आम्ही कुठले, कुणाकडे, कशाला, घोडी कुणाची, तिला काय झालं, हे सगळं काढून घेतलं आणि मग म्हणाला, "घोडी वयर जातली? बरां. माणसा खाली येतत, घोडी वयर जाता." आम्ही निघालो. पुढे पाच-सहा मैलांवर मागून आवाज येऊ लागला. थांबून पाहिलं तर ट्रेलरमधल्या गवतात एक कोंबडी बसली होती. कसालला चढली असणार. परत फिरायला वेळ नव्हता. ती आमच्याबरोबर मालवणला आली आणि तिथे अंडंही घालून मोकळी झाली.

खाडीकाठची वाडी

कासमचाचांचं घर मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. घरामागे उंडीचं मोठं झाड, आणि झाडाखाली चांदणी. रंगाने तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. उजवा पाय जरासा उचलून ती खाडीकडे तोंड करून उभी होती. भरतीचं पाणी झाडाच्या मुळांपर्यंत आलं होतं आणि त्याचा हलता उजेड तिच्या पोटावर खेळत होता. ती उभी आहे की तरंगते आहे, हे पहिल्या नजरेला कळेना.

चाचा वाळलेले, उंच, पांढऱ्या दाढीचे. माझ्याशी आधी कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलले, मग थोड्या वेळाने आपल्या बोलीवर आले. मला मास्तर म्हणाले. मी मास्तर नाही असं सांगून पाहिलं, पण वाडीत तोवर ते ठरून गेलं होतं. चाचीने घावणे आणि नारळाचा रस पुढे केला, दुपारी बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं. भाकरीवर वाढलेल्या मला काट्यांशी झगडताना पाहून ती हसली नाही. नुसतं एक मऊ तुकडा निवडून माझ्या भाताच्या कडेला ठेवला. असा तुकडा मला माझ्या आईनंतर कुणी निवडून दिला नव्हता.

छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी घेऊन वजन काढायची एक रीत मला डॉक्टरांनी शिकवली होती. सुतळी घेऊन मी चांदणीला मापलं. ती वळून माझ्याकडे शिंप्याकडे बघावं तशी बघत होती. आकडा निघाला. पण तो नुसता कागदावर. तेवढं ओझं खरोखर ट्रेलरमध्ये घालून पाहायला हवं होतं, आणि ते ओझं जिवंत हवं, कारण पोतं हलत नाही, घोडं हलतं.

गावकार म्हणजे तिथले मूळचे मानकरी. त्यांचे प्रमुख बापू गावकार तिथे आले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मगे माणसांका घाला. घोडी म्हंजे किती गावकार ता काढ."

खोबऱ्याच्या वखारीत मोठा काटा होता. तिथे संध्याकाळी अर्धी वाडी लोटली. एकेक जण पारड्यात बसायचा आणि बाकीचे त्याच्या वजनावरून त्याची खायची-प्यायची कुंडली मांडायचे. चांदणी म्हणजे सहा गावकार आणि वर एक बारकासा व्यापारी, असं उत्तर आलं. "बारको कित्याक?" वखारीचा मालक बाबल्या म्हणाला. "माका घाल. माझ्यासारखो दुसरो नाय." ते खरं होतं. त्याच्यासाठी एक गावकार कमी करावा लागला.

देवळात

माझ्या मते दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रेलर जोडून बघायला हवा होता. पण तिथे नव्या कामाला हात घालण्याआधी ग्रामदेवीला विचारतात. आमच्याकडे आपण नारळ फोडतो आणि कामाला लागतो. इथे देवीला प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. घोडी मुसलमानाची आहे हा मुद्दा कुणाच्या मनातही आला नाही. ती वाडीची घोडी होती. चाचा चपला काढून देवळाच्या पायरीजवळ उभे राहिले, तिथेच त्यांची नेहमीची जागा असावी असे.

गुरवाने देवीच्या पाषाणाला फुलांच्या पाकळ्या ओल्या करून लावल्या. गावकारांनी गाऱ्हाणं घातलं. लांब आवाजात, एका लयीत, वाटेतल्या सगळ्या देवांना, घाटाच्या राखणदाराला, गाडीच्या चाकालासुद्धा. प्रत्येक वाक्यानंतर सगळे मिळून म्हणत, "व्हय म्हाराजा." बाहेर माडांची सळसळ होती, आत उदाचा धूर. मला वाटलं मी हे कधीतरी आधी पाहिलेलं आहे, लहानपणी, तापात.

मग गावकारांनी मला विचारलं, "मास्तर, काय इचारू? नीट सांग. देवी इचारला तेचाच उत्तर देता. न इचारला ता सांगणा नाय."

मी म्हणालो, विचारा, गाडी घोडीला ओढेल का.

बऱ्याच वेळाने उजवीकडची एक पाकळी सुटली आणि खाली आली. उजवा कौल म्हणजे होकार. चाचांनी डोळे पुसले. तातोबाने चाव्या काढल्या. मी मात्र बाहेर येऊन खाडीकडे जाऊन बसलो. न इचारला ता सांगणा नाय. ओहोटी लागली होती. दोन होड्या चिखलावर कलल्या होत्या, आणि त्यांना अजून पाण्यात असल्यासारखं वाटत असावं इतक्या त्या निवांत होत्या. मी फक्त ओढायचं विचारलं होतं. कागदावरही मी तेवढंच मांडलं होतं, की इंजिनाचा जोर किती, चढ किती, ओझं किती. पण घाटात समोरून एस.टी. आली, थांबावं लागलं, तर? तेव्हा गाडी चांदणीला ओढणार नव्हती. तेव्हा चांदणी गाडीला ओढणार होती. खाली.

देवळाचा चढ

रस्त्यावरून देवळाकडे चढणारी जांभ्याची वाट घाटाइतकीच उभी होती. तिथेच पाहायचं ठरवलं. ट्रेलर जोडला आणि माणसांना चढायला सांगितलं. तिथे अर्धा तास गेला. कारण माणसं आपापल्या मानाने उभी राहिली. पुढची जागा बापू गावकारांची, त्यांच्या मागे दुसरे मानकरी, पालखीत जसे चालतात त्याच क्रमाने. बाबल्याला गावात मान कसलाच नव्हता, वजन मात्र सर्वांत जास्त. तो एकदम मागे उभा राहिला.

गाडी हलली आणि ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलू लागला. मी खाली वाकून पाहिलं. सगळा भार मागे गेल्यामुळे जोडणीचा हूक वर उचलला जात होता आणि त्याबरोबर पिकअपचा मागचा भागही. चाकं रस्त्याला धड टेकतच नव्हती.

मी गावकारांना हात जोडून म्हटलं, बाबल्याला पुढे येऊ द्या.

"माझ्या फुडे?"

"घोडीची छाती आणि मान जड. ती पुढेच उभी राहणार. बाबल्या म्हणजे छाती."

गावकारांनी विचार केला. "आणि मी काय मगे?"

तातोबाने खिडकीतून डोकं काढलं. दोन दिवसांत तो पहिल्यांदा आपणहून बोलला. "तुम्ही शेपूट, बापू. शेपटीलाबी मान असतोय."

लोक इतके हसले की ट्रेलर आपोआप हलायला लागला. गावकारही हसले आणि मागे गेले. बाबल्या पुढे येताच झुलणं थांबलं. गाडीने ओझं चढावर ओढलं, देवीने सांगितलं तसं, जरा कण्हत पण बिनबोभाट.

मध्यावर मी तातोबाला थांब म्हटलं. त्याने ब्रेक दाबला. क्षणभर सगळं धरून राहिलं. मग बारीक खडीवर पिकअपची मागची चाकं न फिरताच सरकू लागली. ट्रेलर मागे जाऊ लागला. आत कुणीतरी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणालं. वाटेच्या कडेला दगड रचून केलेल्या गडग्याला टेकून तो थांबला. कुणाला खरचटलंही नाही. चाचा मात्र रस्त्याच्या कडेला खाली बसले होते. त्यांनी माणसं पाहिलीच नव्हती. त्यांना ट्रेलरमध्ये चांदणी दिसली होती.

गावकार कपडे झटकत म्हणाले, "देवी खोटा बोलली नाय. वडीत म्हटल्यान, वडल्यान."

मी म्हणालो, "हो. धरील का ते मी विचारलंच नव्हतं."

चाचा माझ्याजवळ आले. "मास्तरांनू, नाय जमात तर नाय म्हणान सांग. मी तिका हयच ठेयन. पण जमता असा उगीच सांगू नको."

मी तेव्हा नाही म्हणणार होतो. शब्द तोंडात होता. पण नजर गडग्यावर गेली, जांभ्याच्या त्या चौकोनी चिऱ्यांवर, आणि मला माझे वडील आठवले. ते उसाच्या गाड्या हाकत. चढ आला की ते गाडीवर बसत नसत. हातात एक धोंडा घेऊन चाकामागून चालत. बैल थांबले की धोंडा चाकाखाली. बैलांनी दम घेतला की धोंडा परत हातात. शाळेच्या वाटेवर त्यांना तसं चालताना मी कितीदा पाहिलं होतं, आणि वह्यांत इतकी वर्षं चढ आणि ओझी मांडताना त्या धोंड्याला एकदाही जागा दिली नव्हती.

पुढचं सगळं दुपारपर्यंत झालं. पिकअपच्या हौद्यात चिरे भरले, म्हणजे मागची चाकं जड होऊन जमीन धरतील. सुताराकडून फणसाच्या लाकडाचा तिरका ठोकळा करून घेतला, त्याला दोरी लावली. पुन्हा माणसं चढली, या वेळी वजनाने. मध्यावर थांबलो. ब्रेकने धरलं. तरी मी ठोकळा चाकाखाली सारला आणि तातोबाला पाय काढायला सांगितलं. गाडी उभी राहिली. पाच वेळा तसं केलं. पाचव्या वेळी मी म्हणालो, झेपेल. घाटात माणसाच्या चालीने जायचं, आणि ठोकळा घेऊन कुणीतरी चाकाच्या बाजूने चालायचं. मी चालेन.

चढण

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चांदणीला चढवायला घेतलं. चाचा ट्रेलरमध्ये पुढे उभे राहून तिला बोलावत होते. ती आत गेली, पण अंग आखडून. फळ्यांना अंग घासू लागली, डावीकडे भार, उजवीकडे भार. ट्रेलर डुलत होता. जिवंत ओझ्याची मला भीती होती ती हीच. असं एका वळणावर झालं तर ठोकळा काय करणार?

चाचा दोरी आणायला म्हणून खाली उतरले आणि मागून येऊन सवयीने म्हणाले, "चल गो बाय, चल."

चांदणी थांबली. दोन्ही कान मागे वळले. अंग सैल झालं.

मला एकदम कळलं. टांगेवाला घोड्याच्या मागे बसतो. टांग्याला जुंपलेली असताना तिने चाचांना पुढे कधी पाहिलंच नव्हतं. तिच्यासाठी ते म्हणजे पाठीमागून येणारा आवाज. मी ते बोलून दाखवलं. चाचांनी चाचीकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"जावा," ती म्हणाली. "तुमच्या आवाजाबगर ती चार पावला जावची नाय." आणि पेजेचा डबा आणि कैरीच्या खाराची पुरचुंडी बांधून आणली. ती आधीच बांधून तयार असावी.

वाटेत कसालला थांबून कोंबडी परत दिली. चहावाल्याला जराही नवल वाटलं नाही. "फिरान इली?" एवढंच त्याने तिला विचारलं.

घाटाच्या पायथ्याला चाचांनी माझ्या हातातून ठोकळा घेतला. मी शेजारून चाललो. त्या चढणीचं मला सलग काही आठवत नाही. तुकडे आठवतात. इंजिनाची एकसुरी घरघर. दरीतून वर येणारं ऊन. करवंदाच्या जाळ्या, आणि चालता चालता तोडलेली करवंदं, हात काळेनिळे. फळ्यांच्या वरून दिसणारे तिचे मागे वळलेले दोन कान. आणि चाचांचा आवाज. ते तिला वाट सांगत होते, पण घाटातली नाही. आता बाजार इलो गो, आता बंदराचो धक्को, आता उजवीकडे मशीद, हयसर जरा दमान, हयसर तुका पाणी पाजतत. ते तिला मालवणच्या रस्त्यांवरून नेत होते. मला घाट दिसेनासा झाला. डोळे अर्धे मिटून मी मालवणच्या बाजारातून चाललो होतो, आणि समुद्र डोंगराच्या वर कुठेतरी होता.

दोन वेळा एस.टी.साठी थांबावं लागलं. दोन्ही वेळा ठोकळा चाकाखाली गेला. दोन्ही वेळा चांदणी हलली नाही.

माथ्यावर कोरडा गार वारा आला. तातोबाने इंजिन बंद केलं. चाचा इथून परत जाणार होते, तसं ठरलं होतं. ते ठोकळ्याची दोरी गुंडाळत बराच वेळ उभे राहिले. फोंड्याकडे जाणारी एस.टी. आली आणि गेली. त्यांनी तिला हात केला नाही.

मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "मास्तरांनू, सगळ्या गावाचा वजन केलंस. माझा केलंस काय?"

केलं नव्हतं. पारड्यात सगळे बसले, ते एकटे बाजूला उभे होते.

त्यांनी ट्रेलरच्या मागच्या फळीवर हात ठेवला. "हय बसलंय तर चलात? मागे भार नको म्हणतंस म्हणान इचारतंय."

मी ट्रेलरकडे पाहिलं, हौद्यातल्या चिऱ्यांकडे, हुकाकडे, मग त्या वाळलेल्या म्हाताऱ्याकडे. पुढे सगळा सपाट रस्ता. दोन चिरे हौद्यातून काढून ट्रेलरच्या पुढच्या टोकाला ठेवले, आणि म्हणालो, "चालेल."

ते मागच्या फळीवर पाय सोडून, तिच्याकडे अंग वळवून बसले. गाडी सावकाश सुटली. मी खिडकीतून मागे वळून पाहिलं तर त्यांचे दोन्ही हात पुढे होते, मुठी अर्ध्या मिटलेल्या, लगाम धरल्यासारख्या.

आठवडाभर मळ्यावर राहून ते परत गेले. डॉक्टर म्हणतात खूर वरून नवा येतो आहे, दिवाळीपर्यंत खाली उतरेल. चिरे तबेल्याच्या पायरीला लावले. एकच अडचण आहे. चांदणी हौदावर पाणी प्यायला जात नाही, उंबऱ्यात अडून राहते. गडी कंटाळून मला बोलावतो. मी तिच्या मागे जाऊन उभा राहतो आणि माझ्या घाटावरच्या तोंडाने म्हणतो, "चल गो बाय, चल. आता धक्को इलो."

ती कान मागे करते, जरा वेळ माझा आवाज तोलते, आणि चालू लागते.